रक्त बहिणीचं, तोंड त्याचं

"तंबाखू खातोस का?"

माझ्या भाच्याला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. जिभेच्या डाव्या कडेला एक पांढरा चट्टा होता, साधारण तुरीच्या डाळीएवढा. समोरच्या डॉक्टरांनी टॉर्च बंद केला, खुर्ची मागे सरकवली आणि त्याच्याकडे न बघता हे विचारलं. तो म्हणाला, "नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "सुपारी? मावा? मित्रांबरोबर कधीतरी? खरं सांग, आई बाहेर बसलीय." तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तू सांग ना."

काय सांगणार? आमच्या बेळगावकडे हा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. निपाणीचा तंबाखू आपल्या जिल्ह्यातला. आमची आजी रोज सकाळी तव्यावर मिश्री भाजायची, त्या वासाने आम्हाला जाग यायची. दाढ दुखली की लहान मुलांच्याही हिरडीला तीच चिमूटभर लावली जाई. तोंडाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे, आणि बहुतेक वेळा इतकं खरंही आहे, की त्याबाहेरचा रुग्ण समोर आला तर तो खोटं बोलतोय असंच वाटतं.

माझा भाचा खोटं बोलत नव्हता. त्याला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया आहे. मंडळाच्या या अंकासाठी लिही म्हणून सांगितल्यावर मी बरेच दिवस टाळलं, कारण गोष्ट घरची आहे. शेवटी आक्काच म्हणाली, "लिही तू. नावं नको घालू, बाकी सगळं लिही." मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण गेल्या चौदा वर्षांत या एका आजाराबद्दल जे वाचलं, विचारलं आणि बघितलं, ते इथे मांडते.

तो सहा वर्षांचा असताना सुरुवात झाली. अंगावर कुठेही काळेनिळे डाग पडायचे. शाळेत खेळताना लागलं असेल, असं आम्ही म्हणायचो. नाकातून रक्त आलं की उन्हाळा आहे म्हणायचो. तो वर्गात सगळ्यांत बुटका होता, पण दाजींच्या घरात कुणीच उंच नाही. पाठीवर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे दोन डाग होते, त्यांना आत्या लक्ष्मीची खूण म्हणायची. उजव्या हाताचा अंगठा जरा बारीक होता, एवढंच. प्रत्येक गोष्टीला घरात एक उत्तर तयार होतं. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्स वीस हजारांच्या आसपास आल्या, तेव्हा ही सगळी उत्तरं एकदम गळून पडली.

मुंबईला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. रक्ताच्या अवघड, आनुवंशिक आजारांचं निदान तिथे होतं. या तपासणीला ताजं रक्त लागतं, कारण पेशी जिवंत असाव्या लागतात. प्रयोगशाळेत त्या पेशींवर एक रसायन टाकतात. निरोगी माणसाच्या पेशी त्या रसायनाने झालेली मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करून घेतात. फॅन्कोनी असलेल्यांच्या पेशींना ते जमत नाही. त्यांची गुणसूत्रं तुटतात आणि भलत्याच जागी एकमेकांना चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते इतकं स्पष्ट दिसतं की शंकेला फारशी जागा राहत नाही.

वर्गात मुलांना समजावताना मी जॅकेटच्या चेनचं उदाहरण देते. डीएनएच्या दोन बाजू चेनसारख्या उघडतात आणि मिटतात. पेशीला स्वतःची नक्कल काढायची असली की चेन उघडावी लागते. आता कुणीतरी चेनच्या दोन्ही बाजू मध्येच सुईदोऱ्याने शिवून टाकल्या, तर? चेन तिथेच अडकणार, आणि जोर लावला तर फाटणार. असे टाके आपल्या सगळ्यांच्या पेशींत पडत असतात आणि ते उसवायला पेशीत एक अख्खं पथक असतं. वीसहून अधिक जनुकं मिळून हे पथक तयार करतात. त्यातलं एक जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं आलं, की पथक मोडतं. झुरिकचे बालरोगतज्ज्ञ गिडो फॅन्कोनी यांनी १९२७ साली एकाच घरातल्या तीन भावांचं वर्णन केलं होतं. तिघांनाही अ‍ॅनिमिया होता आणि शरीरात जन्मजात व्यंगं होती. त्यांचंच नाव या आजाराला मिळालं. त्या काळी डीएनएची रचनासुद्धा ठाऊक नव्हती.

ज्या पेशींना सतत नव्या प्रती काढाव्या लागतात, त्यांना याचा फटका आधी बसतो. हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, रात्रंदिवस रक्त बनवत असतो. म्हणून तो पहिल्यांदा थकतो, बहुतेक मुलांत वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच. आणि तोंडाच्या आतलं अस्तर? तेही काही दिवसांनी झडतं आणि नव्याने येतं. गरम चहा, तिखट, दातांचं घासणं, जंतू असं सगळं सोसत सतत नवं होत राहतं. हा दुसरा भाग आम्हाला तेव्हा कुणी सांगितला नाही. कदाचित सांगितला असेल, पण आमच्या कानात शिरला नसेल. मूल रक्तावाचून जगेल का, हा प्रश्न समोर असताना तोंडाचा विचार कोण करतो?

नवव्या वर्षी त्याचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. धाकट्या बहिणीचा मगज जुळला. तिलाही हाच आजार नाही ना, हे आधी तपासलं. ही तपासणी फार महत्त्वाची, कारण बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या भावंडातही आजार लपलेला असू शकतो. ती तेव्हा सहा वर्षांची होती. सुईला घाबरली नाही, पण नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटली की दादाला आता माझ्यासारखी भेंडी आवडेल. दाजींनी टिळकवाडीतला प्लॉट विकला. मंडळातल्या मुलांनी प्लेटलेट्ससाठी रक्तदात्यांची यादी केली होती, त्यातले काही जण आज हे वाचत असतील. शंभराव्या दिवशी रिपोर्ट चांगला आला, तेव्हा आक्काने गल्लीभर कुंदा वाटला.

घरी सोडताना तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "आता याच्या अंगातलं रक्त बहिणीचं आहे. त्याची काळजी मिटली असं समजा. पण तोंड त्याचंच आहे. ते जन्मभर बघायचं." आक्काने मान हलवली. मीही हलवली. बाहेर येऊन आम्ही दोघी रडलो, ते आनंदाने. त्या वाक्याचा अर्थ कळायला आम्हाला आठ वर्षं लागली.

इथे थोडं जगाकडे बघू या, कारण हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही आणि फार जुनाही नाही. जगातलं नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसमध्ये झालं. डॉक्टर होत्या एलियान ग्लुकमन आणि रुग्ण होता अमेरिकेतला पाच वर्षांचा मुलगा. त्याला हाच आजार होता, आणि नाळ होती नुकत्याच जन्मलेल्या बहिणीची. आपल्याकडे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची सुरुवात त्याच्याही आधी, १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केली. त्याआधी फॅन्कोनीची मुलं मुख्यतः रक्त बंद पडून किंवा ल्युकेमियाने जायची. विशी बघणारी थोडी. प्रत्यारोपण सुधारत गेलं, मुलं वाचू लागली, मोठी झाली, कॉलेजला गेली, काहींची लग्नंही झाली. आणि मग तोंडाचे कॅन्सर दिसू लागले. ते आधीही होणारच होते, पण ते होण्याइतकं कुणी जगतच नव्हतं.

न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आर्लीन ऑरबाख यांनी १९८२ पासून या आजाराच्या रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही ठेवली. त्या नोंदवहीवरून २००३ साली एक अभ्यास छापून आला. त्यातल्या ७५४ रुग्णांपैकी १९ जणांना तोंड, घसा, मान या भागातला कॅन्सर झाला होता. आकडा लहान वाटतो, पण त्यांचं मधलं वय होतं ३१. चाळिशीपर्यंत पोचणाऱ्यांत हा धोका साधारण १४ टक्के निघाला. म्हणजे इतर माणसांच्या मानाने शेकडो पट. आणि यातले बहुतेक तंबाखू-दारूच्या वाटेला गेलेले नव्हते.

ओरेगनचे अ‍ॅटर्नी जनरल डेव्ह फ्रॉनमायर आणि त्यांची पत्नी लिन यांच्या तीन मुलींना हा आजार होता. त्यांनी १९८९ साली संशोधनासाठी निधी उभा केला. आज पालकांना मिळणारी बरीचशी मार्गदर्शक माहिती त्या संस्थेमुळे आहे. मुलींपैकी केटी १९९१ मध्ये गेली, कर्स्टन १९९७ मध्ये आणि एमी २०१६ मध्ये. वडील एमीच्या आदल्या वर्षी गेले. मी हे आक्काला कधी सांगितलं नव्हतं. आता हे वाचूनच कळेल तिला.

नीट समजून घ्यायची गोष्ट अशी की आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात कॅन्सर होणं, फॅन्कोनी असला तरी, विरळाच. धोका किशोरवयात डोकं वर काढतो आणि विशी-तिशीत वाढतो. ज्यांचं प्रत्यारोपण झालंय त्यांच्यात तो अलीकडे सरकतो. बहिणीचं रक्त भावाच्या शरीराला काही वेळा परकं मानतं आणि तोंडाच्या अस्तराशी भांडत राहतं, तिथे तर जास्तच. मग मुलांच्या बाबतीत ही चर्चा का? कारण तोंड दाखवायची सवय दहाव्या वर्षी लागली तरच ती विसाव्या वर्षी टिकते. वीस वर्षांच्या मुलाला आई "आ कर" म्हणाली तर तो करेल का? आमचा करतो, पण त्यालाही मध्ये दोन वर्षं कंटाळा आला होता आणि नेमका तेव्हाच चट्टा आला.

आणखी दोन आजार इथे थोडक्यात सांगायला हवेत, कारण तेही दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत पहिल्यांदा ओळखले जाऊ शकतात. डिस्केराटोसिस कंजेनिटा नावाच्या आजारात नखं खराब होतात, मानेवर-छातीवर जाळीसारखे काळपट डाग येतात आणि जिभेवर पांढरे चट्टे येतात. असे चट्टे बुरशी समजून औषधं घालत बसण्यात महिने जातात, आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. दुसरा झिरोडर्मा पिग्मेंटोसम. यात उन्हाने झालेली इजा त्वचेला दुरुस्त करता येत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाचा चेहरा ठिपक्यांनी भरतो आणि शाळकरी वयातच त्वचेचे कॅन्सर सुरू होतात. या मुलांना जिभेच्या टोकाचाही कॅन्सर होतो. टोकाचाच का? कारण बोलताना, हसताना तेवढीच जीभ उन्हात येते. हे वाचलं त्या दिवशी मी शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांकडे बराच वेळ बघत उभी होते.

आता त्या चट्ट्याकडे परत येते.

तोंड येणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट. उष्णता वाढली, पोट साफ नाही, बारावीचं टेन्शन आहे. तूप लाव, तोंडल्याचा पाला चाव, बी-कॉम्प्लेक्स घे. आम्हीही तेच केलं. मग एका दवाखान्यात दाखवलं. तिथे तंबाखूचा प्रश्न झाला आणि एक मलम मिळालं. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तर मलम बदललं. एक दात जरा टोकदार होता, तो घासून दिला. असे सहा आठवडे गेले. फाइल आम्ही बरोबर नेली होती, त्यावर आजाराचं नाव ठळक लिहिलेलं होतं. ती उघडली गेली नाही. उघडा म्हणून आम्हीही आग्रह धरला नाही, हे कबूल करते. डॉक्टरांपुढे आपण गप्प होतो. मी वर्गात साठ मुलांना गप्प करते, पण तिथे माझी वाचा बसली.

चट्टा दुखत नव्हता. यानेच फसवलं. दुखणारं तोंड बहुतेक वेळा आठवड्या-दहा दिवसांत बरं होतं. काळजी करायची ती न दुखणाऱ्या, न हलणाऱ्या चट्ट्याची. पांढरा असो, लाल असो वा दोन्ही मिसळलेला. साध्या माणसातही दोन आठवड्यांत न जाणारा व्रण दाखवायलाच हवा. फॅन्कोनीच्या मुलात तेवढीही वाट बघू नये. जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, हिरड्या, गालाची आतली बाजू आणि मागचा टाळू या सगळ्या जागा बघायच्या. दहाव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी, आणि काही आढळलेलं असेल तर त्याहून लवकर. दातांच्या डॉक्टरांनी दातांपलीकडे बघायला हवं, म्हणून "याला हा आजार आहे, कॅन्सरचा धोका आहे, अस्तर बघा" असं तोंड उघडून सांगावं लागतं. संशय वाटला तर आधी छोट्या ब्रशने घासून पेशी काढता येतात. त्याला भूल लागत नाही, मुलंही घाबरत नाहीत. त्यात गडबड दिसली तर मग तुकडा काढून बायोप्सी.

शेवटी आम्ही रात्रीच्या बसने मुंबई गाठली. तिथल्या सर्जननी फाइल आधी वाचली आणि मग टॉर्च लावला. बायोप्सीत कॅन्सर नव्हता. कॅन्सरच्या अलीकडची पायरी होती, आणि तीही वरची. त्यांनी कडेची थोडी चांगली जागा धरून तेवढा भाग काढून टाकला. चार टाके पडले. आठ दिवस पेज आणि ताक. महिनाभर "स" म्हणताना जीभ अडखळायची, म्हणून मित्रांनी त्याला चिडवून घेतलं.

निघताना मी विचारलं, "आणखी थोडा उशीर झाला असता तर?" ते म्हणाले, "मग माझ्या हातातली निम्मी हत्यारं गेली असती." हे वाक्य समजून घेण्यासारखं आहे. तोंडाचा कॅन्सर पुढे गेला की इतरांना शस्त्रक्रियेबरोबर रेडिएशन देतात आणि सिस्प्लॅटिनसारखी औषधं देतात. सिस्प्लॅटिन करतं काय? कॅन्सरच्या पेशींच्या डीएनएत तेच टाके घालतं, जे या मुलांना उसवता येत नाहीत. म्हणजे जे औषध इतरांना सोसतं ते फॅन्कोनीच्या रुग्णाचा जीव घेऊ शकतं. रेडिएशनही नेहमीच्या मात्रेत झेपत नाही. त्यामुळे त्यांचा मुख्य आधार शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रिया नीट होते ती गाठ लहान असताना.

याची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. फॅन्कोनी असलेल्या साधारण तिघांपैकी एकाला बाहेरून काहीच व्यंग दिसत नाही. रक्तही काहींचं बरीच वर्षं बरं राहतं. अशा माणसाला पंचविशी-तिशीत जिभेचा कॅन्सर झाला, तर आपल्याला मुळात कसला आजार आहे हे त्याला ठाऊकच नसतं. उपचार सुरू होतात, पहिल्याच डोसला रक्त कोसळतं, तोंडाची सालं निघतात, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात फॅन्कोनीचं नाव येतं. म्हणून तंबाखूचा इतिहास नसलेल्या तरुणाला असा कॅन्सर झाला, तर केमो-रेडिएशनच्या आधी घरच्यांनी विचारावं: गुणसूत्रं तुटण्याची तपासणी करायची का? तंबाखू खाणारा असला तरी रक्त कमी असेल, उंची कमी असेल, घरात कुणी लहानपणी "रक्ताने" गेलं असेल तर हे विचारावं. याला उद्धटपणा समजू नये.

तंबाखू-सुपारी या मुलांना वर्ज्य, हे सांगायला नको. दारूचं मात्र सांगायला हवं, कारण हॉस्टेलचं वय आहे. दारू शरीरात गेली की तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि ते डीएनएला जखडतं. केंब्रिजमधल्या के. जे. पटेल यांच्या गटाने २०११ साली उंदरांवर दाखवून दिलं की फॅन्कोनीचं पथक मोडलेल्या शरीराला हे विष विशेष बाधतं. म्हणजे "एक बियर, त्याने काय होतंय" हा युक्तिवाद इथे चालत नाही. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा नको. एचपीव्हीची लस नवव्या वर्षापासून मुलींना आणि मुलांनाही द्यावी असं डॉक्टर सुचवतात. पुण्याच्या सीरमची लस २०२३ पासून मिळते. ट्रान्सप्लांट झालेल्यांना बाकीच्या लसीही पुन्हा नव्याने घ्याव्या लागतात, त्याचं वेळापत्रक हॉस्पिटल देतं.

आता आक्काने "सगळं लिही" म्हटलंय, म्हणून अवघड भाग.

आक्का आत्याच्या घरी दिलेली. दाजी आमचे सख्खे आतेभाऊ. आपल्या भागात मामाची मुलगी करणं हे हक्काचं मानलं जातं, घरातली मुलगी घरात राहते, देणंघेणं नसतं, सासू आत्याच असते. माझ्या बहिणीचा संसार सुखाचा आहे. पण अशा भावंडांत साधारण एक अष्टमांश जनुकं सारखी असतात, कारण आजी-आजोबा एकच. आजोबांकडे किंवा आजीकडे एक बिघडलेली प्रत होती, ती एकीकडून आक्काकडे आली आणि दुसरीकडून दाजींकडे. दोघांनाही काही त्रास नाही. मुलात दोन्ही प्रती एकत्र आल्या. दर गरोदरपणात चारातली एक शक्यता. भाचीच्या वेळी फासा सुलट पडला, एवढंच.

नात्यातली लग्नं थांबली की प्रश्न संपला, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतले आफ्रिकानर आणि स्पेनमधले जिप्सी समाज यांच्यात हा आजार जास्त आढळतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपल्याच लहान गटात होत राहिली. आपल्या पोटजाती काही वेगळ्या आहेत का? इंदूर, बडोदा, हैदराबादची जुनी मराठी घरं आजही स्थळं आपसातच शोधतात. मला त्यात वाईट म्हणायचं नाही. पत्रिका बघता तशी ज्या घरात असा आजार होऊन गेलाय तिथे रक्ताचीही एक तपासणी बघा, एवढंच म्हणते. एका घरात नेमकं कोणतं जनुक बिघडलंय हे एकदा कळलं की बाकीच्यांची तपासणी सोपी होते, आणि पुढच्या गरोदरपणात बाळाचीही करता येते.

आत्याला हे पचलं नाही. तिने दोन वर्षं स्वतःला दोष दिला, मग आक्काला दिला, मग दृष्ट लागली म्हणाली. शेवटी मीच एकदा वहीत दोन आजी-आजोबा आणि रेघा काढून दाखवल्या. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे कुणाचीच चूक नाही होय?" आणि उठून भात लावायला गेली.

पैशांबद्दल एक उपयोगी गोष्ट. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात फॅन्कोनीचं नाव पहिल्याच गटात आहे, म्हणजे एकदाच करायच्या उपचाराने बऱ्या होणाऱ्या आजारांत. ठरवून दिलेल्या केंद्रांत नोंद झाली तर ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. आपल्या वाचकांना जवळची केंद्रं म्हणजे मुंबईचं केईएम, बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स आणि हैदराबादचं निझाम्स. आमच्या वेळी हे नव्हतं. प्लॉट गेला त्याचं दाजींना दुःख नाही, पण रिंगरोडवरून जाताना ते अजून त्या बाजूला बघत नाहीत.

"बऱ्या होणाऱ्या" या शब्दांवर मात्र माझा राग आहे. रक्त बरं होतं.

भाचा आता वीस वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगला. दर तीन महिन्यांनी सर्जनकडे जातो. मध्ये एकदा त्याच्या डोक्यात आलं की डॉक्टर तीन महिन्यांपूर्वीचं लक्षात कसं ठेवणार? म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला तो बेसिनच्या आरशासमोर उभा राहून मोबाइलचा टॉर्च लावून सात फोटो काढतो. जीभ उजवीकडे, डावीकडे, वर, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू. प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. ते एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि मला पाठवतो. आईला पाठवत नाही, कारण ती रात्रभर मोठे करून बघत बसते.

या एक तारखेचे फोटो दोन दिवस उशिरा आले. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. मग रात्री अकराला सातही फोटो एकदम आले आणि खाली मेसेज, "सबमिशन होतं गं. डावीकडचा जरा हललाय, पुन्हा काढून पाठवतो."